४ टक्क्यांचा नियम: ४१ पैकी ३९ म्हणजे नेमकं काय?

‘फायर’वाल्यांचं गणित तुम्ही ऐकलं असेलच. वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पैसे जमवा, पहिल्या वर्षी त्यातले ४ टक्के काढा, पुढे तीच रक्कम दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवत न्या. नोकरीची गरज संपली. फेलोशिप सुरू झाल्यावर मीही एक्सेल शीट केली होती. महिना ३०,००० खर्च, म्हणजे ९० लाख. चाळिशीत मोकळा! शीटमध्ये महागाईचा कॉलम होता, फेलोशिप चार-चार महिने अडकण्याचा नव्हता. ते असो.

मूळ पेपर मात्र मी फार उशिरा वाचले. १९९४ मध्ये विल्यम बेंगेन या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने एक लेख लिहिला. तोवर सरासरी परतावा धरून हिशोब करायची पद्धत होती. बेंगेनने प्रश्नच बदलला: सरासरी सोडा, सगळ्यात वाईट वर्षी निवृत्त झालेल्या माणसाचं काय झालं असतं? माझ्या मते त्याचं खरं योगदान हे आहे, ४ हा आकडा नव्हे. कारण परताव्याचा क्रम महत्त्वाचा असतो. एक कोटीतून ४ लाख काढले आणि पहिल्याच वर्षी बाजार ४० टक्के पडला, तर उरतात ५७.६ लाख. पुढच्या वर्षी ६ टक्के महागाई धरून काढायचे ४.२४ लाख, म्हणजे उरलेल्याच्या जवळजवळ ७.४ टक्के. नंतर बाजार कितीही चढला तरी ती खोट भरून निघणं अवघड.

मग १९९८ चा ‘ट्रिनिटी’ अभ्यास: कूली, हबर्ड आणि वॉल्झ. निम्मे शेअर, निम्मे रोखे, ३० वर्षं, ४ टक्के. यशाचं प्रमाण ९५ टक्के. हा ९५ सगळीकडे शक्यता म्हणून फिरतो. आता गंमत बघा. डेटा १९२६ ते १९९५, म्हणजे ७० वर्षं. त्यात ३० वर्षांच्या खिडक्या बसतात ४१. त्यातल्या ३९ यशस्वी, म्हणून ९५. पण १९२६ची आणि १९२७ची खिडकी यांच्यात २९ वर्षं सामाईक आहेत! एकमेकींवर न चढणाऱ्या खिडक्या फक्त दोन. नमुना ४१चा दिसतो, माहिती दोनची आहे. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असा ‘एन’ लिहिलात तर गाईड पहिल्याच पानावर लाल शाई ओतेल.

‘यश’ची व्याख्याही बघा. तिसाव्या वर्षाच्या शेवटी एक डॉलर उरला तरी यश. साठीतल्या माणसाला हे चालेल कदाचित. चाळिशीत नोकरी सोडणाऱ्याला पन्नास वर्षं काढायची असतात. शिवाय कर आणि फंडाची फी धरलेली नाही. लेखकांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांनी काय मोजलं ते सांगितलंय. वाचणाऱ्यांनी शीर्षकापुढे वाचलं नाही.

आणि हे सगळं एका देशाचं, त्याच्या सगळ्यात भरभराटीच्या शतकातलं. वेड फाउ यांनी २०१० मध्ये १७ विकसित देशांचा डेटा लावून पाहिला, तर बऱ्याच देशांत ४ टक्के टिकलेच नाहीत. जपानची अवस्था तर फारच वाईट. आपल्याकडे? सेन्सेक्सचं आधारवर्षच १९७८-७९. त्यानंतर न चढणारी पूर्ण ३० वर्षांची खिडकी एकच. तिच्यावर ‘भारतासाठी सुरक्षित दर’ काढणारे व्हिडिओ मी पाहिलेत, आत्मविश्वास थक्क करणारा असतो.

हे सगळं मी उकरलं ते बाबांमुळे. ते गेल्या वर्षी खाजगी कंपनीतून निवृत्त झाले. पेन्शन नाही, पीएफचे पैसे हातात आले. त्यांनी विचारलं, “तू रिसर्च करतोस ना, मग सांग, वर्षाला किती काढू?” म्हणजे बेंगेनचा प्रश्न खरं तर त्यांचा होता, माझा नव्हताच. मी म्हटलं, तीन वर्षांचा खर्च एफडीत ठेवा, आणि बाजार पडला त्या वर्षी हात आखडता घ्या.

“हे त्या पेपरात लिहिलंय का?”

नाही. त्यांच्या मॉडेलमधला माणूस बाजार कितीही पडो, ठरलेली रक्कम काढतच राहतो.