विंचूदंश, अंश आणि छेद

शाळेच्या फलकावर विज्ञानविषयक कात्रणे लावण्याची पद्धत चांगली आहे. या कात्रणांत एक मथळा वरचेवर भेटतो : 'दुर्मिळ आजारावर गुंतागुंतीची शस्त्रक्रिया यशस्वी'. रुग्णाचे वय, शस्त्रक्रियेला लागलेले तास, डॉक्टरांचे छायाचित्र असे सारे बातमीत असते. अशी शस्त्रक्रिया आजवर किती जणांवर झाली आणि त्यांतले किती वाचले, एवढेच नसते. म्हणजे अंश दिलेला असतो, छेद नसतो. आजार खरोखरच दुर्मिळ असेल तर हे एक वेळ समजून घेता येईल. पण मोठ्या शहरातल्या डॉक्टरला क्वचितच दिसणारा आणि महाड-पोलादपुरात नेहमीचा असलेला एक जीवघेणा प्रकार आहे. त्याच्या उपचारांची हकीकतही आपण छेद वगळूनच सांगतो, आणि तक्रार आहे ती याबद्दल.

हकीकत बहुतेक शिक्षकांना ठाऊक असेल. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. विंचू चावून माणसे, विशेषतः मुले दगावताना त्यांनी पाहिली. रक्तदाबावरची एक साधी गोळी त्यांनी वापरली आणि मृत्यू जवळजवळ थांबले. 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकाने त्यांचे लेखन छापले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. यात खोटे काही नाही. तरीही विज्ञानाच्या शिक्षकाने ती वर्गात अशीच सांगावी असे मला वाटत नाही, कारण ऐकणाऱ्या मुलाच्या हाती एक थोर माणूस आणि एक जादूची गोळी लागते, आणि विज्ञान मात्र निसटते.

पहिली गोष्ट, हे काम कोऱ्या पाटीवर सुरू झालेले नाही. विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी भरते हे मुंडले यांनी १९६१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिले होते. इस्राएलमध्ये गेरोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विंचूदंशात हृदयाच्या स्नायूला इजा होते व हृदय निकामी होते, हे १९६७ साली दाखवले होते. विंचू हृदय गाठतो हे माहीत होते. माहीत नव्हते ते हे, की चावलेल्या दहा जणांपैकी कोणाचे हृदय धोक्यात येणार आणि ते किती आधी ओळखता येईल.

डॉ. बावस्कर यांचा १९८२ चा 'लॅन्सेट'मधला लेख नेमका या प्रश्नावर आहे. त्यात औषधाची घोषणा नाही. धोक्याची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांचा तो लेख आहे. माझ्या मते या साऱ्या कामातला सर्वांत भक्कम भाग तोच, आणि कात्रणांत तोच कधी दिसत नाही. रुग्णाशेजारी बसून, घड्याळ लावून नोंद करायची : उलटी केव्हा झाली, घाम कुठे आला, तोंडाला लाळ किती, हातपाय गार पडले का, नाडी आणि रक्तदाब किती. मुलग्यांत आणि पुरुषांत लिंगाला येणारा ताठरपणा हेही एक महत्त्वाचे लक्षण. ते विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. या नोंदींसाठी घड्याळ, रक्तदाबमापक आणि चिकाटी यांपलीकडे फारसे काही लागत नाही. आपल्या प्रयोगवहीत 'साहित्य' या मथळ्याखाली चिकाटी लिहीत नाहीत, हा भाग वेगळा.

या निरीक्षणांतून पुढे तीव्रतेच्या ज्या चार पायऱ्या ठरल्या त्या वर्गात सांगण्याजोग्या आहेत. पहिल्या पायरीवरचा रुग्ण वेदनेने आकांत करतो. पण वेदना आणि दंशाच्या जागचा घाम यांपलीकडे शरीरात काही घडत नसते. दुसऱ्या पायरीवर उलट्या, अंगभर घाम, गार हातपाय. तिसरीत फुप्फुसात पाणी. चौथीत रक्तदाब कोसळतो. म्हणजे आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा घामाघूम होऊन गप्प पडलेले मूल अधिक धोक्यात असू शकते. घरातली माणसे साहजिकच उलट समजतात. (याचा अर्थ ओरडणाऱ्याला घरी ठेवावे असा नव्हे. पायरी ठरवणे डॉक्टरांचे काम, आणि ती काही तासांत बदलू शकते.) आणखी एक उलट समज विंचवाबद्दलचा. थोराड काळ्या इंगळीला सगळे भितात, पण जीव घेणारा असतो तो तुलनेने लहान तांबडा विंचू, शास्त्रीय लेखनातला मेसोब्युथस टॅम्युलस. दगडांच्या बांधात, पेंढ्यात, सरपणात, कौलांच्या फटीत तो असतो.

आता गोळीकडे वळू. विंचवाच्या विषामुळे चेतातंतूंमधले सोडियमचे दरवाजे वेळेवर बंद होत नाहीत. चेतातंतू पुन्हा पुन्हा संदेश पाठवत राहतात. ज्यांवर आपला ताबा नाही अशा चेतासंस्थेच्या दोन्ही शाखा खवळतात. आधी घाम, लाळ, उलटी. मागोमाग ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिनचा पूर. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. रक्तदाब चढतो. आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता हृदयाची डावी बाजू थकते, मागे रक्त तुंबते आणि फुप्फुसात पाणी उतरते. प्राझोसिन ही गोळी रक्तवाहिन्यांवरचे आल्फा ग्राहक अडवते. वाहिन्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो. सोडियम नायट्रोप्रुसाईड हेही वाहिन्या सैल करणारे औषध आहे, पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि रक्तदाबावर सतत नजर ठेवावी लागते. तालुक्याच्या गावी गोळीचे महत्त्व काय, हे यावरून कळेल. प्राझोसिनविषयीचे टिपण हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले.

ही गोळी विष नष्ट करत नाही हे या वर्णनातून स्पष्ट व्हावे. विष शरीरात असतेच. गोळी त्याच्या एका परिणामाला आवर घालते. पूर आला असता सांडव्याचे दरवाजे उघडावेत तसे हे आहे; पाऊस थांबलेला नसतो. 'विंचवावर उतारा सापडला' हे वाक्य म्हणून चुकीचे ठरते.

आणि मृत्यूंचे आकडे? प्राझोसिनपूर्वी पश्चिम भारतात गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत, नंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले, असे बावस्कर यांच्या लेखनात येते. कात्रणांचा सारा भर या घसरणीवर असतो. ही तुलना आधीच्या वर्षांची नंतरच्या वर्षांशी आहे. एकाच वेळी दोन गट करून केलेली नाही. फळ्यावर एक काल्पनिक गणित मांडून पाहा. एखाद्या दवाखान्यात वर्षाला अत्यवस्थ असे १० रुग्ण येतात, ३ दगावतात : ३० टक्के. डॉक्टरांचे नाव झाले. पुढल्या वर्षी ते १० येतातच, शिवाय साध्या दंशाचे ४० जण येतात. पुन्हा ३ दगावतात. आता प्रमाण ३ भागिले ५०, म्हणजे ६ टक्के. औषधाने एकही जीव वाचवला नाही, तरी टक्केवारी पाचपटीने उतरली! शिवाय मधल्या काळात रस्ते सुधारतात, रुग्ण लवकर पोचतात, प्राणवायूची सोय होते. हे सारे श्रेय गोळीच्या खात्यात जमा होते.

म्हणून प्राझोसिनचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. यंत्रणा समजलेली आहे, गार पडलेले हातपाय गोळीनंतर उबदार होताना डोळ्यांना दिसतात, आणि घसरण एवढी मोठी आहे की ती केवळ छेद फुगल्याने झाली असेल असे मानणे कठीण आहे. गोळी गुणकारी आहे यावर माझा विश्वास आहे. ती किती गुणकारी आहे हे या आकड्यांवरून ठरवता येत नाही. समोर मूल गुदमरत असताना निम्म्यांना गोळी नाकारून प्रयोग करायला हवा होता, असा हट्ट धरणाऱ्यांपैकीही मी नाही.

हा पेच सुटला तो महाडातच. २०११ साली बावस्कर दांपत्याने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. तोवर तांबड्या विंचवाच्या विषावरचे प्रतिविष उपलब्ध झाले होते. दुसऱ्या पायरीवरचे ७० रुग्ण घेतले, यादृच्छिक पद्धतीने ३५-३५ चे दोन गट केले. एका गटाला नुसते प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. उपचार कोणालाच नाकारला नाही. दहा तासांत सारी लक्षणे ओसरली असे रुग्ण प्रतिविषाच्या गटात ३२ निघाले, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ८. बरे होण्याचा सरासरी वेळ एकीकडे ८ तास, दुसरीकडे १७.७ तास. ज्या गोळीने नाव दिले तिलाच कसाला लावले, ती उणी पडली, आणि ते स्वतःच छापले. पद्मश्रीच्या बातम्यांपेक्षा हे चार आकडे फलकावर लावले तर विज्ञान काय असते ते मुलांना अधिक कळेल.

चाचणीत उणिवा आहेत. कोणाला काय दिले हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही माहीत होते. नाडी आणि रक्तदाब मोजता येतात, पण घाम 'थांबला' आणि पाय 'गरम झाले' हे ठरवताना पाहणाऱ्याचे मत शिरू शकते. दुसऱ्या गटाला नुसत्या सलाइनची बाटली लावून हे टाळता आले असते. अमेरिकेत ॲरिझोनातल्या १५ मुलांवरच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नकली औषधाचा गट होता. तिथे प्रतिविष मिळालेली आठही मुले चार तासांत सावरली, उरलेल्या सातांपैकी एकच. विंचू अर्थात वेगळा होता. शिवाय मृत्यू टळतात का, हा महाडच्या चाचणीचा प्रश्नच नव्हता. लक्षणे किती लवकर ओसरतात एवढाच होता.

याउलट ट्युनिशियात ८२५ रुग्णांवर झालेल्या, १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत प्रतिविषाचा काहीच फायदा दिसला नाही. मग खरे कोणाचे? ट्युनिशियाचे विंचू निराळे, हे एक कारण. दुसरे कारण पुन्हा छेदातच आहे. तिथे दहा वर्षांवरचे विंचूदंशाचे रुग्ण तीव्रता न पाहता घेतले होते. ज्यांना तसेही बरे व्हायचे होते अशांची गर्दी झाली की कोणतेही औषध निरुपयोगी दिसते. महाडात मुळात वादळ उठलेलेच रुग्ण निवडले होते. १९८२ मध्ये केलेली लक्षणांची पारख नसती तर २०११ ची निवड करता आली नसती.

पण या निवडीनेच एक दारही बंद केले. हृदय, श्वसन किंवा मेंदूची लक्षणे आधीच दिसू लागलेल्यांना चाचणीत घेतलेले नव्हते. पोलादपूरच्या घाटाखालच्या वाड्यांतून रात्री विंचू चावलेले मूल, आधी मांत्रिकाकडे आणि मग वाहनाची वाट पाहत, सकाळी महाडला पोचते तेव्हा ते तिसऱ्या पायरीवर असू शकते. त्याला प्रतिविष किती उपयोगी, याचे उत्तर ३२ आणि ८ या आकड्यांत नाही. कशेडी घाट ओलांडून दक्षिणेला गेले की चिपळूण लागते. तिथल्या डॉ. नातू आणि सहकाऱ्यांनी गंभीर रुग्णांना प्रतिविष दिल्याचा अनुभव २००६ साली भारतीय डॉक्टरांच्या नियतकालिकात मांडला आहे. ज्या शिक्षकांना इंग्रजी शोधनिबंध मिळवता येतील त्यांनी चिपळूणचा आणि महाडचा शेजारी ठेवून वाचावा, आणि प्रत्येक तक्त्याशी थांबून आधी छेद शोधावा : कोण आत घेतले, कोण बाहेर राहिले.