जुना चेहरा आणि मागचा ॲक्सल : आधुनिक अमेरिकन मसल कारविषयी

आजचा विषय अमेरिकेतल्या मसल कारचा आहे. दोन दरवाजे, लांब बॉनेट, त्याखाली दणकट व्ही-८ इंजिन आणि सगळा जोर मागच्या चाकांवर, अशा या गाड्या. काटेकोर बोलायचं तर मस्टँग आणि कॅमारोला तिकडे ‘पोनी कार’ म्हणतात, पण आता बोलताना तो भेद फारसा कुणी पाळत नाही. आपणही आज पाळणार नाही.

या गाड्यांबद्दल गेली वीस वर्षं दोन वाद चालू आहेत. पहिला रूपाचा : १९६०च्या दशकातला चेहरा आजच्या गाडीला लावावा का? दुसरा मागच्या सस्पेन्शनचा : दोन्ही चाकं एकाच सलग ॲक्सलवर असावीत, की प्रत्येक चाक स्वतंत्रपणे हलावं? पहिला वाद रसिकांचा आणि दुसरा इंजिनिअरांचा, अशी वाटणी करून टाकलेली आहे. आम्हाला ही वाटणी मान्य नाही. जुन्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हाच प्रश्न दोन्हीकडे आहे. त्याला कसोटीही एकच लावता येते : जे ठेवलं ते आज काही काम करतं का, आणि त्याची किंमत कोण मोजतो?

आधी मागची बाजू समजून घेऊ. आपल्याकडच्या जुन्या ॲम्बॅसिडरला मागून वाकून पाहिलं असेल, तर सलग ॲक्सल तुम्ही पाहिलेला आहे. मधे डिफरन्शिअलचा गोळा, दोन्ही बाजूंना नळ्या, टोकांना चाकं आणि वर पाटे. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही कलतं, कारण दोघंही एकाच दांड्याला बांधलेली. शिवाय हा सगळा जड ऐवज चाकांबरोबर वरखाली होतो, त्यामुळे उखडलेल्या वळणावर गाडीचा मागचा भाग बाजूला सटकू पाहतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये डिफरन्शिअल गाडीच्या सांगाड्याला बसवलेला असतो आणि चाकं आपापल्या दांड्यांवर हलतात.

हे ज्ञान काही नवं नाही. जॅग्वार ई-टाइपला १९६१ साली आणि शेवरले कॉर्व्हेटला १९६३ साली असं सस्पेन्शन होतं. १९६४ची मस्टँग मात्र सलग ॲक्सल आणि पाट्यांवरच उभी होती. फाल्कन या फोर्डच्या साध्या घरगुती गाडीचे भाग तिच्यात वापरले होते, म्हणून तर तिची किंमत २,३६८ डॉलरपासून सुरू करता आली. या सगळ्या परंपरेचं मूळ वचन इथे आहे. ताकद हवी, रुबाब हवा, आणि तो साध्या नोकरदाराच्या खिशाला झेपला पाहिजे.

सलग ॲक्सलची बाजू फक्त स्वस्ताईची नाही, हेही सांगायला हवं. ड्रॅग रेस म्हणजे पाव मैलाची सरळ धाव. तिथे सुटताना गाडी मागे दबते. सलग ॲक्सलवरची चाकं तेव्हाही उभीच राहतात आणि टायर रस्त्यावर सपाट टेकलेले राहतात. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये चाकांचा कोन बदलतो, रबरी बुश पिळले जातात आणि कधीकधी चाकं जागच्या जागी उड्या मारू लागतात. फोर्डने १९९९ साली मस्टँग कोब्राला स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, तेव्हा ड्रॅग रेसच्या नादातल्या काही मालकांनी ते काढून पुन्हा सलग ॲक्सल बसवून घेतला. त्यांना जुनं प्रिय होतं असं नाही, त्यांच्या कामाला ते बरं होतं.

आता २००४-०५ साल घ्या. त्या वेळी दोन गाड्या समोरासमोर होत्या. पॉन्टिॲकची जीटीओ ही ऑस्ट्रेलियातल्या होल्डन मोनारोवरून केलेली. पहिल्या वर्षी ३५० अश्वशक्ती, दुसऱ्या वर्षी ४००, मागे स्वतंत्र सस्पेन्शन. पण चेहरा असा की रस्त्यात कुणी मान वळवून बघू नये. दुसरी २००५ची मस्टँग. जे मेज तेव्हा फोर्डचे डिझाइनप्रमुख होते. पुढे झुकलेलं नाक, जाळीत धावता घोडा, मागे तीन-तीन पट्ट्यांचे दिवे, सगळं साठच्या दशकातून आणलेलं. खाली सलग ॲक्सल, तीन दांड्यांनी धरलेला, आणि तो बाजूला सरकू नये म्हणून एक आडवा पॅनहार्ड दांडा. जीटीओ तीन वर्षांत चाळीस हजारांच्या आसपास खपली आणि २००६मध्ये बंद झाली. मस्टँग एकट्या २००५ सालात दीड लाखाच्या वर गेली.

यावरून लगेच निष्कर्ष काढला गेला की लोकांना चेहरा कळतो, सस्पेन्शन कळत नाही. आम्हाला हा निष्कर्ष उतावळा वाटतो. व्ही-८ची मस्टँग जीटी साधारण २५ हजार डॉलरला मिळत होती, जीटीओ ३२ हजारांच्या आसपास. त्या सात हजारांत इंजिनाचा वाटा मोठा असेल, तरी स्वस्त ॲक्सलने मस्टँगची किंमत खाली ठेवायला हातभार लावलाच. म्हणजे तो ॲक्सल काम करत होता. खराब रस्त्यावर मालकाला चार धक्के बसत, हे खरं. पण त्या धक्क्यांच्या बदल्यात गाडी त्याच्या आवाक्यात येत होती.

कॅमारोची गोष्ट उलटी आहे. २००२मध्ये बंद पडलेली ही गाडी २०१०चं मॉडेल म्हणून परतली. सांगाडा आधुनिक, मागे स्वतंत्र सस्पेन्शन, एसएस मॉडेलमध्ये ४२६ अश्वशक्ती. पण रूप असं ओढूनताणून आणलेलं की दारांचे पत्रे खांद्यापर्यंत वर आणि काचा फटीएवढ्या. १९६९च्या कॅमारोत बसलेल्या माणसाला चौफेर दिसत असे. तिची आठवण म्हणून घडवलेल्या गाडीत मागचं वाहन शोधावं लागतं. आमच्या कसोटीला हे उतरत नाही. इथे जुन्या रूपाची अतिशयोक्ती झाली आहे, ती कुठलंच काम करत नाही, आणि रोज लेन बदलताना तिची किंमत चालक मोजतो.

कुणी म्हणेल, अहो, २०१० ते २०१४ याच कॅमारोने मस्टँगला मागे टाकलं होतं! बरोबर आहे. नव्याचे नऊ दिवस म्हणून आम्ही ते उडवून लावणार नाही, पाच वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. पण पुढचंही पाहा. २०१६च्या कॅमारोचा सांगाडा आणखी हलका आणि उत्तम होता, वळणावर ती भल्याभल्यांना ऐकत नव्हती. काचा तेवढ्या तशाच राहिल्या. मस्टँगने तिला मागे टाकलं, मग डॉज चॅलेंजरनेही टाकलं, आणि २०२४च्या मॉडेलनंतर ती बंद झाली. चांगलं सस्पेन्शन तिला वाचवू शकलं नाही.

चॅलेंजर तर गंमतच आहे. २००८मध्ये आलेली ही गाडी १९७०च्या मूळ रूपाला तिघींत सगळ्यात जवळची. अवजड, लांबलचक. पण त्याच लांबीरुंदीमुळे मागच्या सीटवर मोठी माणसं बसू शकत आणि डिकीत सामान मावे. खाली स्वतंत्र सस्पेन्शन होतं. डेमलर-क्रायस्लर एकत्र असतानाच्या काळातलं, म्हणून त्यात मर्सिडीजचं रक्त. इथे जुनं रूप राबत होतं. २०२१मध्ये या वयस्कर गाडीने अमेरिकेत मस्टँगपेक्षा जास्त खप केला.

आणि मस्टँग? २०१२च्या बॉस ३०२मध्ये फोर्डने सलग ॲक्सलकडून काढता येईल तेवढं काढून घेतलं. २०१५मध्ये तो सोडून दिला. स्वतंत्र सस्पेन्शन आलं, चेहऱ्यातली नक्कलही सैल झाली : घोडा राहिला, तीन पट्ट्या राहिल्या, बाकीचं आजचं झालं. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली ही पहिली मस्टँग, जी फोर्डने कारखान्यातच तशी घडवली. गाडी जगभर जायची तर वळणाचे आणि खराब रस्तेही आलेच, तिथे ॲक्सलचं काम संपलं होतं. दोन्ही बदल एकाच वेळी झाले, हा आम्हाला योगायोग वाटत नाही. २०१६मध्ये ती भारतातही आली, ६५ लाख रुपयांना. नोकरदाराला दिलेलं मूळ वचन आपल्यापर्यंत येईतो काय झालं, ते या आकड्यात दिसतं.

शेवटी आजची गाडी. चॅलेंजर २०२३मध्ये बंद झाली आणि डॉजने विजेवर चालणारी चार्जर डेटोना आणली. चेहरा साठच्या दशकातला, मागे स्वतंत्र सस्पेन्शन. आणि इंजिनच नाही, म्हणून एक्झॉस्टसारखा आवाज काढणारं खास यंत्र. आता त्या आवाजाला आपली कसोटी लावून पाहा. तो काय काम करतो, आणि त्याची किंमत कोण मोजतो? आमचं उत्तर कॅमारोच्या काचांजवळ जातं. ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी प्रश्नोत्तरांत जरूर हात वर करावा. आम्हाला ऐकायला आवडेल.