‘नटसम्राट’मधील घर आणि ज्येष्ठांचा निवासहक्क : एक चिकित्सा

प्रस्तावना :
वि. वा. शिरवाडकर यांचे ‘नटसम्राट’ हे नाटक १९७० मध्ये रंगभूमीवर आले. ‘किंग लिअर’शी असलेले त्याचे नाते, त्यातील स्वगते आणि श्रीराम लागू यांचा अभिनय या अंगांनी त्याची विपुल चर्चा झाली. पदवी वर्गात हे नाटक शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आप्पासाहेब तक्रार का करीत नाहीत?” हा प्रश्न वरवर भाबडा वाटतो, परंतु आपल्या समीक्षेने तो कधी गांभीर्याने घेतलेला दिसत नाही. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

घर सुटण्याची प्रक्रिया :
गणपतराव बेलवलकर निवृत्तीनंतर आपली मिळकत मुलगा व मुलगी यांना वाटून देतात. देण्याचा निर्णय त्यांचा असतो. निराधार मात्र ते आणि कावेरी असे दोघेही होतात. मुलाच्या घरी सुनेशी खटके उडतात, तर मुलीच्या घरी चोरीचा संशय घेतला जातो. येथे कोणी हात धरून बाहेर काढीत नाही. अपमान साचत जातो आणि म्हातारी माणसे स्वतःच उंबरठा ओलांडतात. निष्कासनाचे हे अदृश्य रूप नाटककाराने अचूक टिपले आहे. तथापि हे दुःख शोकनायकाच्या वाणीत इतके भव्य होते की, प्रेक्षक हळहळतो आणि हक्काचा प्रश्न प्रेक्षागृहातच विरून जातो. ही या नाटकाची मर्यादा मानावी लागेल.

कायद्याचे उत्तर :
हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ मध्ये वृद्ध आईवडिलांच्या निर्वाहाची तरतूद होती. परंतु मुलांना दिलेली मिळकत परत मिळविण्याचा सुटसुटीत मार्ग तेव्हा नव्हता. तो २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याने दिला. त्यातील कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत घेऊन नंतर सांभाळ नाकारला, तर ते हस्तांतरण न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडणे हा कलम २४ खाली शिक्षापात्र गुन्हा आहे. कावेरीसारख्या स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचाही आधार आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्णयानंतर तिला मुलगी किंवा सून यांच्याविरुद्धही दाद मागता येते.

मात्र सारा पेच ‘अट’ या शब्दात आहे. अट सिद्ध झाल्याविना केवळ मायेपोटी केलेले हस्तांतरण कलम २३ खाली रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले. या कसोटीवर आप्पासाहेब हरतील. कारण पोटच्या मुलांना अट घालणे त्यांना वात्सल्याचा अपमानच वाटला असता. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ उदारपणे लावण्यावर भर दिला आणि ताबा परत देण्याचा आदेशही न्यायाधिकरण देऊ शकते, असे स्पष्ट केले. तथापि त्या प्रकरणात सांभाळाचे लेखी वचन होते, हे विसरता येत नाही.

दुसरी बाजू सुनेची. ज्येष्ठांच्या कायद्याचा वापर करून सुनेचा सामायिक घरातील निवासहक्क निष्फळ करता येणार नाही, दोन्ही कायदे मेळ घालून वाचावेत, असे डिसेंबर २०२० चा निर्णय सांगतो. नाटकातील शारदेला केवळ खलनायिका ठरविणाऱ्या वाचनाने या संदर्भात फेरविचार करावयास हवा. एकाच छपराखाली दोघांचेही हक्क असू शकतात.

समारोप :
विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर असे की, आप्पासाहेबांजवळ १९७० मध्ये पुरेसा कायदा नव्हता. आज कायदा आहे, पण तक्रार करावयास लागणारे मन तेव्हाइतकेच दुर्मिळ आहे. पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज लिहिताना हात थरथरतो, याचे भान कायद्याला नाही. ते नाटकाला आहे. उलट, बक्षीसपत्रात सांभाळाची एक ओळ लिहून घ्यावी, हे शहाणपण नाटक देत नाही; ते कायदा देतो. समोरचे ताट द्यावे, पण बसायचा पाट देऊ नये, ही आपल्याकडील म्हण दोहोंच्याही आधीची आहे. म्हणूनच ‘नटसम्राट’ शिकविताना कलम २३ ही वर्गात सांगणे आवश्यक वाटते. विद्यार्थ्यांच्या घरीही आजीआजोबा असतात.