अर्ध्या गुणाचे श्रेय

बुद्धिबळात ‘अमर बरोबरी’ म्हणून ओळखला जाणारा डाव १८७२ साली व्हिएन्नात झाला. पांढरी मोहरी कार्ल हाम्पेची, काळी फिलिप माइट्नरची. हाम्पे सरकारी अधिकारी. माइट्नर वकील, पुढे पदार्थवैज्ञानिक लीझ माइट्नरचा पिता. पटावर पोट कोणाचेच नव्हते.

या डावाचे कौतुक होते ते माइट्नरच्या बलिदानांचे. उंट, वजीर आणि घोडा देऊन त्याने पांढरा राजा आपल्या गोटात ओढला. कौतुक रास्तच आहे. पण डाव पुन्हा पुन्हा मांडून पाहिल्यावर मला हाम्पेवर अन्याय झाल्यासारखा वाटतो. तेराव्या खेळीनंतर काळ्याचे बी-प्यादे एक घर सरकले की मात होती. हाम्पेने बी५ वरचा उंट सी६ ला बळी दिला आणि राजाला पळायला घर मोकळे केले. सोळाव्या खेळीला माइट्नरने शेवटचा उंट पुढे केला. तो मारला असता तर हत्तीने मात ठरलेली. हाम्पेने राजा मागे घेतला. शह, माघार, पुन्हा शह. अठरा खेळ्यांत बरोबरी.

सुरुवातीला मिळेल ते घेत राजा उघडा पाडणारा हाम्पे शेवटी घ्यायचे थांबला. त्याचा अर्धा गुण तिथे कमावलेला आहे.