आरोपीच शोधक

आर्थर रॅन्समकृत ‘द बिग सिक्स’ (१९४०) ही नॉर्फोकच्या जलमार्गांवर घडणारी बालकादंबरी होय. काठाला बांधलेल्या होड्या कोणीतरी सोडून देते आणि संशय येतो तो होड्या बांधणाऱ्या कारागिरांच्या तीन मुलांवर. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीकर फास्टर फेणे परक्याच्या संकटात आपण होऊन उडी घेतो. जो, बिल व पीट यांना स्वतःचीच अब्रू सोडवावयाची आहे. वाचकास गुन्हेगार फार लवकर ओळखू येतो, हा दोष मानण्याचे कारण नाही. तो कळूनही गावाला पटविता येत नाही, यातच कथेचा ताण आहे. अखेर वकिलापुढे रात्री टिपलेले छायाचित्र निर्णायक ठरते. कॅमेरा मात्र पाहुण्या आलेल्या प्राध्यापकपुत्राचा, डिकचा!