नागरिक-सैनिक आणि निवेदनाचा अधिकार

२३ ऑगस्ट १७९३ रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय कन्व्हेन्शनने सार्वत्रिक सैन्यभरतीचा हुकूमनामा काढला. नागरिक-सेनेच्या इतिहासातील हा महत्त्वाचा दस्तऐवज साहित्यसमीक्षेच्या दृष्टीनेही वाचण्याजोगा आहे. तरुणांनी लढावे, विवाहितांनी शस्त्रे घडवावीत व रसद वाहावी, स्त्रियांनी तंबू शिवावेत, मुलांनी जुने कापड पिंजून जखमांसाठी द्यावे आणि वृद्धांनी चौकात बसून योद्ध्यांचे धैर्य वाढवावे, अशी त्यात कामांची वाटणी आहे. बोलण्याचे काम केवळ वृद्धांकडे आहे; लढणाऱ्याच्या बोलण्याची तरतूद नाही.

भाडोत्री सैनिकाला युद्धाविषयी काय वाटते, हा प्रश्न राजसत्तेला पडत नसे. नागरिक-सैनिकाला मात्र युद्ध त्याचे स्वतःचेच आहे असे सांगितले जाते. म्हणूनच त्याच्या प्रथमपुरुषी निवेदनाला या दाव्याच्या तपासणीचे स्वरूप येते.

एर्कमान-शात्रियाँ या लेखकद्वयाच्या १८६४ मधील कादंबरीचा निवेदक जोझेफ बेर्ता हा फाल्सबुरचा घड्याळजीचा उमेदवार. तो लंगडा आहे. तरीही १८१३ च्या भरतीत तो ओढला जातो. १७९३ च्या हुकूमनाम्याने बदली माणूस देण्यास मनाई केली होती. नेपोलियनच्या काळापर्यंत धनिकांना तो विकत घेता येऊ लागला. 'नागरिक' या शब्दातील समता किती उरली, हे जोझेफच्या साध्या कथनातून उमगते.

रेमार्कच्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' (१९२९) मध्ये चौकातील त्या वृद्धाची जागा कान्टोरेक हा शिक्षक घेतो. त्याच्या भाषणांनी अख्खा वर्ग सैन्यात दाखल होतो. पाउल बॉयमरचे निवेदन हे त्या वक्तृत्वाला दिलेले उत्तर होय.

हे आवाज अर्थात रचलेले आहेत. एर्कमान व शात्रियाँ यांचा जन्मच १८१३ नंतरचा. रेमार्क मात्र १९१७ मध्ये आघाडीवर जखमी झाला होता. तेव्हा अशा कादंबऱ्यांना सैनिकाची थेट साक्ष मानता येत नाही. त्यांचे मोल निवेदनाचा अधिकार सैनिकाकडे सोपविण्यात आहे.

तो अधिकार किती क्षणभंगुर असतो, हे रेमार्कच्या अखेरच्या परिच्छेदांत दिसते. ऑक्टोबर १९१८ मध्ये पाउल मरतो आणि 'मी' नाहीसा होतो. त्याच्या मृत्यूची वार्ता तृतीयपुरुषी निवेदक देतो; त्या दिवशीच्या लष्करी वृत्तात विशेष काहीच घडलेले नसते. युद्ध नागरिकाचे असल्याचे सांगणारी व्यवस्था शेवटचा शब्द पुन्हा स्वतःकडे घेते.