शत्रूचें चित्र

लघुचित्रांतील व्यक्तिदर्शन म्हणजे दरबारी खुशामत, असा समज आपल्याकडे रूढ आहे. जहांगीर बादशहाच्या पदरच्या दोन चित्रकारांनीं एकाच पुरुषाचीं काढलेलीं दोन चित्रें शेजारीं ठेवून पाहिलीं, म्हणजे तो अर्धाच खरा ठरतो. हा पुरुष निजामशाहीचा वजीर मलिक अंबर होय. किनवटच्या वाचकांस तो परका नाहीं. जें माहूर पुढें दीर्घकाळ किनवट तालुक्यांत मोडत असे, तेथील उदाराम देशमुख १६२४ सालीं भातवडीच्या लढाईंत मोगलांच्या बाजूनें याच अंबरासमोर उभा होता.

पहिलें चित्र अबुल हसनचें, सुमारें १६१६ सालचें. पृथ्वीच्या गोलावर उभा राहून जहांगीर भाल्यावर खोंवलेल्या अंबराच्या मस्तकास बाण मारीत आहे. कुंचल्याची सफाई थक्क करणारी आहे. पण प्रसंग घडलेलाच नाहीं. अंबर बादशहाच्या हातीं कधींच लागला नाहीं. १६२६ सालीं वृद्धापकाळीं तो स्वाभाविक मृत्यूनें वारला. येथें चित्रकारानें धन्याची इच्छा रंगविली, माणूस रंगविला नाहीं.

दुसरें चित्र हाशिमचें, सुमारें १६२० सालचें. हाशिम दक्षिणेंतून मोगल दरबारांत गेला, असें जाणकार मानतात. त्याच्या चित्रांत ना गोल आहे, ना भाला. पांढऱ्या झिरझिरीत वस्त्रांतला, स्थूल देहाचा, सांवळा वृद्ध एका बाजूनें दिसतो, एवढेंच. पण त्या मुद्रेंत अनेक मोहिमांचा थकवा आहे आणि कोणापुढें न वाकण्याचा करारीपणाही आहे. खारीच्या केसांच्या कुंचलीनें घोटीव कागदावर रेषा ओढतांना हाशिमनें शत्रूस लहान केलें नाहीं, उगाच थोरही केलें नाहीं.

हें चित्र बादशाही संग्रहांतच जपलें गेलें, ही गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे. आत्मचरित्रांत अंबरास अपशब्द वाहणाऱ्या जहांगीरच्या दरबारांतही सत्य पाहणाऱ्या डोळ्यास जागा होती. म्हणून खुशामतीचा सारा दोष आश्रयदात्याच्या माथीं मारून चित्रकारास मोकळें सोडतां येणार नाहीं.

आज पहिलें चित्र डब्लिनला, दुसरें लंडनला आहे. आपणांस त्यांच्या छापील प्रतींवरच समाधान मानावें लागतें. पण कसोटी लावण्यास तेवढ्याही पुरेशा आहेत. केवळ हस्तकौशल्य मोजावयाचें तर अबुल हसन वरचढ ठरेल; परंतु व्यक्तिचित्राचें पहिलें ऋण ज्याचें चित्र काढावयाचें त्या माणसाचें असतें, आणि तें हाशिमनेंच फेडलें आहे.